पहिली जागा कुणाची? : संत थॉमस मोर



दहा आज्ञांपैकी पहिली आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो आणि मग ती पाळण्यात आपले काही चुकत नाही अशा समजुतीने पुढच्या आज्ञांकडे वळतो. खोटे बोललो, कुणाशी भांडलो, रविवारची मिस्सा चुकवली, तर मनाला टोचणी लागते. पापनिवेदनाच्या वेळी ते आठवते. परंतु परमेश्वराच्या जागी दुसरे काही आणून बसवले, असे पाप आपल्यापैकी किती जणांना आठवते? सोन्याचे वासरू घडवून त्याभोवती नाचणारे लोक फार जुन्या काळातले, आपण तसे काही करीत नाही, असे आपल्याला वाटते.

खरी गोष्ट अशी की देवाच्या जागेवर हक्क सांगणाऱ्या गोष्टी बहुधा वाईट नसतात. त्या चांगल्याच असतात. विद्या, नोकरी, मानमरातब, घरदार, मुलेबाळे, देशाचा कायदा, ही सारी देवाचीच देणी. आपापल्या जागी असतात तोवर ती आपली सेवा करतात. एखाद्या दिवशी त्यांतलेच एखादे उठते आणि पहिली जागा मागते. त्या दिवशी काय करावे? हे समजून घेण्यासाठी आज आम्ही एका गृहस्थाश्रमी संताचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहोत. दरवर्षी २२ जून रोजी ख्रिस्तसभा ज्यांचे स्मरण करते ते संत थॉमस मोर.

वकिलाचा मुलगा

थॉमसचा जन्म १४७८ साली लंडन शहरात झाला. वडील जॉन मोर वकील होते, पुढे ते न्यायाधीश झाले. त्या काळी चांगल्या घरातली मुले मोठ्या माणसांच्या वाड्यावर राहून रीतभात शिकत. थॉमस बारा वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला कँटरबरीचे आर्चबिशप जॉन मॉर्टन ह्यांच्याकडे ठेवले. लंडनजवळ लॅम्बेथ येथे आर्चबिशपांचा वाडा होता. तिथे तो जेवणाच्या वेळी पाहुण्यांना वाढायचा. नाताळात वाड्यात नाटक चालू असले की हा मुलगा मध्येच शिरून आयत्या वेळी आपले एक पात्र उभे करायचा आणि सर्वांना हसवायचा. ह्याच वाड्यात चाळीसहून अधिक वर्षांनी त्याच्यापुढे एक कागद ठेवला जाणार होता. परंतु ती गोष्ट पुढची.

ऑक्सफर्डला शिक्षण झाल्यावर वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्याने कायद्याचा अभ्यास केला. ह्याच तरुणपणात सुमारे चार वर्षे तो लंडनच्या कार्थुजियन मठाच्या सहवासात राहिला. मठवासी व्हावे की संसार करावा, ह्याचा तो विचार करीत होता. अखेर संसार हीच आपली वाट असे त्याने ठरवले. मात्र मठातली एक गोष्ट त्याने आयुष्यभर जवळ ठेवली. अंगातल्या कपड्यांखाली तो केसांचा खरखरीत सदरा घालीत असे. पुढे दरबारी पोशाख अंगावर आला तरी आत तो सदरा होताच. घरात तो फक्त थोरल्या मुलीला, मार्गारेटला, ठाऊक होता, कारण तो धुण्याचे काम तिच्याकडे होते.

घर आणि दरबार

१५०५ च्या सुमारास मोर ह्यांचे जेन कोल्ट ह्यांच्याशी लग्न झाले. मार्गारेट, एलिझाबेथ, सिसिली आणि जॉन ही चार मुले झाली. १५११ साली जेन वारल्या. चार लहानग्यांना सांभाळायला कुणीतरी हवे म्हणून मोर ह्यांनी थोड्याच दिवसांत ॲलिस नावाच्या विधवा बाईंशी लग्न केले. ॲलिस त्यांच्याहून वयाने मोठ्या, बोलायला फटकळ, पण संसाराला खंबीर. घरातच मुलांची शाळा भरे. मुलींनी लॅटिन-ग्रीक शिकावे हे त्या काळी लोकांना पटत नसे, परंतु मोर ह्यांनी मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. त्यांचे स्नेही, हॉलंडचे थोर विद्वान इरॅस्मस ह्यांनी प्रभूच्या प्रार्थनेवर लिहिलेल्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद मार्गारेटने तरुण वयातच केला आणि तो छापला गेला.

१५१६ साली ‘युटोपिया’ हे पुस्तक लिहून मोर ह्यांचे नाव युरोपभर झाले. त्यानंतर राजा आठवा हेन्री ह्याने त्यांना आपल्या सेवेत घेतले. १५२३ मध्ये ते पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती झाले आणि १५२९ च्या ऑक्टोबरात लॉर्ड चान्सलर, म्हणजे न्यायव्यवस्थेचे प्रमुख आणि राजाच्या खालोखाल मोठे अधिकारी.

ह्या पदावर असताना त्यांच्या दोन सवयी लोकांना नवलाच्या वाटत. त्यांचे वृद्ध वडील अजून वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयात न्यायाधीश होते. लॉर्ड चान्सलर आपल्या आसनाकडे जाण्याआधी वडिलांच्या न्यायकक्षात जात, सर्वांसमोर गुडघे टेकीत आणि त्यांचा आशीर्वाद घेत. दुसरी सवय आपल्या गायनमंडळाला आवडेल. चेल्सी येथे नदीकाठी त्यांचे घर होते. तिथल्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये ते गायनमंडळाचा पांढरा झगा घालून इतरांबरोबर गात. एकदा नॉरफोकचे ड्यूक जेवायला आले असता त्यांना हे दृश्य दिसले. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने एखाद्या सामान्य चर्च-कारकुनासारखे गावे, ह्याने राजाचा अपमान होतो, असे ड्यूकमहाशयांना वाटले. मोर ह्यांना मात्र देवाची सेवा केल्याने राजाचा मान कमी होतो हे काही पटेना.

राजाचे त्यांच्यावर प्रेम होते. कधी कधी राजा न कळवता चेल्सीला येई, जेवे आणि त्यांच्या गळ्यात हात टाकून बागेत फेऱ्या मारी. जावई विल्यम रोपर हे पाहून हरखून गेला. सासऱ्यांनी त्याला शांतपणे जमिनीवर आणले. आपले डोके देऊन फ्रान्समधला एखादा किल्ला मिळणार असेल, तर हाच राजा ते डोके द्यायला चुकणार नाही, असे त्यांनी सांगितले. राजावर ते मनापासून माया करीत, परंतु राजा माणूस आहे हे ते विसरले नव्हते.

मुलगा हवा

हेन्रीचे लग्न १५०९ साली कॅथरिन ऑफ ॲरागॉन हिच्याशी झाले होते. ती त्याच्या मृत भावाची विधवा, म्हणून पोपमहोदयांची खास परवानगी घेऊन हा विवाह झाला होता. मुले झाली, परंतु एक मुलगी मेरी तेवढी जगली. गादीला वारस मुलगा हवा, हा ध्यास राजाला लागला. पुढे ॲन बोलिन हिच्यावर त्याचे मन गेले. पहिला विवाह मुळातच झाला नव्हता असे पोपनी जाहीर करावे, असा त्याने आग्रह धरला. पोप सातवे क्लेमेंट ह्यांनी ते केले नाही.

ह्याच राजाने १५२१ मध्ये सात साक्रामेंतांच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले होते आणि पोपनी त्याला श्रद्धेचा रक्षक ही पदवी दिली होती. म्हणजे तो काही नास्तिक नव्हता. तो मिस्सा ऐकत होता, प्रार्थना करीत होता. घराण्याला वारस मिळावा ही इच्छाही वाईट म्हणता येणार नाही. पण ती इच्छा पहिल्या जागी जाऊन बसली आणि मग बाकी सर्व गोष्टींना तिच्यापुढे वाकावे लागले. आधी पत्नीला, मग कायद्याला, शेवटी ख्रिस्तसभेला. आपल्या समाजातही मुलगा हवा म्हणून घराघरांत काय काय झाले आहे, ते आम्ही वेगळे सांगायला नको.

१५ मे १५३२ रोजी इंग्लंडच्या धर्मगुरूंच्या सभेने राजापुढे मान तुकवली. राजाच्या संमतीशिवाय आपण धर्मसभेचे नियम करणार नाही, असे तिने मान्य केले. दुसऱ्याच दिवशी मोर ह्यांनी राजमुद्रा राजाच्या हाती परत दिली आणि पद सोडले. कुठे गाजावाजा केला नाही, भाषण केले नाही.

त्या दिवसांतला एक प्रसंग त्यांचा स्वभाव सांगून जातो. पूर्वी मिस्सा झाली की चान्सलरांचा एक सेवक ॲलिसबाईंच्या बाकाशी येऊन साहेब निघाले आहेत अशी वर्दी देई. पद सोडल्यानंतरच्या सणाच्या दिवशी मोर स्वतः हातात टोपी घेऊन बायकोच्या बाकाशी गेले आणि सेवकाच्याच थाटात साहेब गेले अशी वर्दी दिली. बाईंना आधी थट्टा वाटली. मग खरे कळले आणि त्या संतापल्या. उत्पन्न एकदम आटले होते. मोर ह्यांनी सर्व मुलांना, सुनाजावयांना एकत्र बसवून खर्च कसा कमी करायचा ते ठरवले.

शपथ

१५३३ साली ॲन बोलिनचा राज्याभिषेक झाला. मोर घरी राहिले. राजाने ते ध्यानात ठेवले. १५३४ मध्ये पार्लमेंटने वारसाहक्काचा कायदा केला आणि त्याबरोबर सर्वांनी घ्यायची एक शपथ आली. ॲनची मुले गादीवर बसतील एवढेच त्या शपथेत असते, तर मोर ती घ्यायला तयार होते. राज्य कुणाला द्यावे हे ठरवणे पार्लमेंटच्या अधिकारात आहे, असे ते मानीत. परंतु राजाचा पहिला विवाह खोटा आणि पोपचा अधिकार नाकारणे योग्य, हेही त्या शपथेने मान्य करावे लागत होते. तिथे ते थांबले.

१३ एप्रिल १५३४, ईस्टरनंतरचा दुसरा सोमवार. मोर ह्यांना लॅम्बेथच्या वाड्यावर बोलावणे होते. निघण्यापूर्वी त्यांनी पापनिवेदन केले, मिस्सेत भाग घेतला. एरवी ते नावेने निघाले की बायकामुले नदीपर्यंत पोचवायला येत आणि ते प्रत्येकाचा मुका घेऊन निरोप घेत. त्या दिवशी त्यांनी बागेचे छोटे दार आपल्यामागे ओढून घेतले आणि कुणालाही पुढे येऊ दिले नाही. मुलांचे चेहरे पाहिले तर पाय पुढे पडणार नाही, हे बहुधा त्यांना माहीत असावे.

लहानपणी जिथे त्यांनी पाहुण्यांना वाढले होते तिथे आता आर्चबिशप क्रॅनमर आणि थॉमस क्रॉमवेल आदी राजाचे मंत्री बसले होते. त्यांनी शपथेचा कागद पुढे केला. मोर ह्यांनी तो शांतपणे वाचला आणि नकार दिला. त्यांना विचार करायला वेळ म्हणून बाजूच्या खोलीत बसवले. खिडकीतून बाग दिसत होती. लंडनचे धर्मगुरू एकामागून एक शपथ घेऊन हसत-खेळत बाहेर पडत होते. बिशपांपैकीही जवळजवळ सर्वांनी शपथ घेतली. ठामपणे उभे राहिले ते रोचेस्टरचे वृद्ध बिशप जॉन फिशर. एवढे विद्वान, एवढे धार्मिक लोक एका बाजूला असताना आपणच शहाणे कसे, हा प्रश्न कुणाही प्रामाणिक माणसाला पडेल. मोर ह्यांनाही तो विचारला गेला. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. ज्यांनी शपथ घेतली त्यांचा न्याय आपण करणार नाही, मात्र आपली सदसद्विवेकबुद्धी आपल्याला ती घेऊ देत नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. चार दिवसांनी त्यांना टॉवरच्या तुरुंगात टाकण्यात आले.

सर्वांत कठीण परीक्षा

आम्हाला वाटते, मोर ह्यांची सर्वांत मोठी परीक्षा राजाने घेतली नाही. ती घरच्यांनी घेतली. ॲलिसबाई भेटायला आल्या तेव्हा आपल्या सवयीप्रमाणे फटकळ बोलल्या. चेल्सीला भले मोठे घर, ग्रंथालय, बाग, मुलेबाळे असताना हा शहाणा माणूस उंदरांच्या संगतीत ह्या घाणीत का पडून राहतो, हे त्यांना समजेना. त्यांचे दुःख खरे होते. कैद्याच्या आणि त्याच्या नोकराच्या जेवणाचे दर आठवड्याला पंधरा शिलिंग कुटुंबालाच भरावे लागत. त्यासाठी त्यांनी पुढे आपले कपडेसुद्धा विकले.

मार्गारेटची गोष्ट आणखी कठीण. बापलेकीचा जीव एकमेकांवर होता. देवाचा कायदा परवानगी देईल तेवढ्यापुरती, अशी पुस्ती जोडून तिने स्वतः शपथ घेतली होती. बाबांनीही तसे करावे आणि घरी यावे, म्हणून तिने परोपरीने विनवले. वडिलांनी तिला थट्टेने एवा म्हटले, कारण एवाने आदामाला फळ दिले तेही प्रेमाच्याच हातांनी. थट्टा होती, पण त्या थट्टेत केवढी वेदना होती! राजाचा धाक मोर सहन करू शकत होते. लाडक्या मुलीचे अश्रू सहन करणे अवघड होते. कुटुंब ही देवाची देणगी. त्या देणगीने देणाऱ्याची जागा मागितली, तेव्हा त्यांनी मुलीला जवळ घेतले, तिच्यासाठी प्रार्थना केली, पण जागा दिली नाही. तिच्यावरची माया मात्र तसूभरही कमी केली नाही. कागद-शाई नसे तेव्हा ते कोळशाच्या तुकड्याने तिला पत्रे लिहीत. ह्याच कोठडीत त्यांनी दुःखितांच्या सांत्वनासाठी एक पुस्तक लिहिले आणि गेथशेमनी बागेतल्या प्रभूच्या यातनांवर दुसरे लिहावयास घेतले.

१५३४ च्या नोव्हेंबरात पार्लमेंटने राजाला इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा मस्तक म्हणून जाहीर केले. हे नाकारणारा राजद्रोही ठरणार होता. मोर कायदा जाणणारे होते. त्यांनी मौन पाळले. हुतात्मा होण्याची त्यांना हौस नव्हती. कायद्याच्या मर्यादेत राहून जीव वाचत असेल तर तो वाचवणे हे त्यांना कर्तव्य वाटत होते. १५३५ च्या मे महिन्यात त्यांच्या ओळखीच्या मठातले कार्थुजियन धर्मगुरू वधस्तंभाकडे नेले जाताना त्यांनी आणि मार्गारेटने खिडकीतून पाहिले. २२ जून रोजी बिशप फिशर ह्यांचा शिरच्छेद झाला.

जूनमध्येच रिचर्ड रिच नावाचा सरकारी वकील कोठडीतली पुस्तके जप्त करायला आला होता. त्याने सहज बोलता बोलता एक कोडे घातले. पार्लमेंटने रिचला राजा केले तर मोर मानतील का? मोर ह्यांनी होकार दिला, आणि उलट एक कोडे घातले. देव हा देव नाही असा कायदा पार्लमेंटने केला तर? असा कायदा कुणालाच करता येणार नाही, हे रिचलाही कबूल करावे लागले. आमच्या मते सारे चरित्र ह्या एका कोड्यात आहे. राज्याचा अधिकार खरा आहे, पण त्याला शेवट आहे.

१ जुलै १५३५ रोजी वेस्टमिन्स्टर येथे खटला झाला. न्यायासनावर ॲन बोलिनचे वडील, भाऊ आणि मामा बसले होते. हे मामा म्हणजे तेच नॉरफोकचे ड्यूक, ज्यांना चर्चमधला पांढरा झगा खटकला होता. रिचने खोटी साक्ष दिली असे मोर ह्यांनी शपथपूर्वक सांगितले. पंचांनी पाऊण तासही घेतला नाही, पंधरा मिनिटांत दोषी ठरवले. आता मौनाचे कारण उरले नव्हते. तेव्हा मोर ह्यांनी उघडपणे सांगितले की ख्रिस्तसभेचे मस्तकपद देणे कोणत्याही पार्लमेंटच्या हाती नाही. शेवटी न्यायाधीशांविषयी त्यांनी सदिच्छा व्यक्त केली. संत स्तेफनच्या वधाला संमती देणारा पौल आज त्याच्याबरोबर स्वर्गात आहे, तसेच आपण सारे तिथे आनंदाने भेटू, अशी त्यांनी आशा धरली.

टॉवरच्या धक्क्यावर मार्गारेट पहारेकऱ्यांच्या भाल्यांमधून धावत आली आणि वडिलांच्या गळ्यात पडली. थोडी दूर गेली, पुन्हा परत आली. ६ जुलैला सकाळी मोर ह्यांना वधस्थानी नेण्यात आले. शिडी डळमळत होती, तेव्हा वर चढायला त्यांनी अधिकाऱ्याचा हात मागितला, तोही विनोद करीत. लोकांना राजासाठी प्रार्थना करायला सांगितले आणि आपण कॅथोलिक श्रद्धेत मरत असल्याचे सांगून त्यांनी मान ठोकळ्यावर ठेवली. त्यांचे शिर लंडनच्या पुलावर लावण्यात आले. पुढे मार्गारेटने ते मिळवून जपले.

आपल्यासाठी

संतांचे चरित्र अर्धे सांगू नये. मोर चान्सलर असताना पाखंडी ठरवलेल्या सहा जणांना इंग्लंडमध्ये जिवंत जाळण्यात आले आणि मोर ह्यांना ती शिक्षा योग्य वाटत होती. ज्या सदसद्विवेकबुद्धीसाठी त्यांनी प्राण दिले, तीच इतरांच्याही ठायी असते, हे त्या काळाला आणि त्यांनाही दिसले नाही. देवाची बाजू घेतानाही आपण देवाचे न्यायासन बळकावू शकतो, हा धडा त्यातून घ्यावा. तुरुंगात मात्र त्यांनी शपथ घेणाऱ्या कुणाचाही न्याय केला नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

आणि ज्यांनी राजाला पहिली जागा दिली त्यांचे काय झाले? ॲन बोलिनचा वर्षभरातच, १५३६ मध्ये, शिरच्छेद झाला. लॅम्बेथला शपथेच्या वेळी हजर असलेल्या क्रॉमवेलचा १५४० मध्ये. ह्यात आनंद मानण्यासारखे काही नाही. देवाच्या जागी बसवलेली वस्तू मागत राहते, आणि तिचे मागणे संपत नाही, एवढेच ह्यातून कळते.

पोप तेरावे लिओ ह्यांनी १८८६ साली थॉमस मोर ह्यांना धन्यवादित घोषित केले, पोप अकरावे पायस ह्यांनी १९३५ साली बिशप फिशर ह्यांच्यासह संतपद दिले आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांना राजकारणी व राज्यकर्त्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

आपल्यापुढे कुणी राजा शपथेचा कागद ठेवणार नाही. आपल्यापुढे येतात ते छोटे कागद. बढतीसाठी करायची खोटी सही, जमिनीच्या वाटणीत भावाला फसवणारा दस्तऐवज, मुलाच्या क्लाससाठी कायमची सोडलेली रविवारची मिस्सा. प्रत्येक वेळी कारण चांगलेच असते, बहुधा मुलांचे भलेच असते. ह्या आठवड्यात रात्रीच्या रोझरीनंतर घरातल्या सर्वांनी मिळून एका प्रश्नाचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या घरात अशी कोणती चांगली गोष्ट आहे, जिच्यासाठी आपण देवाला थोडे थांबायला सांगतो?

हे प्रभो, तू दिलेल्या देणग्यांवर आम्हाला मनापासून प्रेम करू दे आणि त्यांना त्यांच्या जागी ठेवण्याचे धैर्य दे. संत थॉमस मोर, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.